पाण्याची दांडी

हत्तीण नदीपर्यंत अगदी शहाण्यासारखी चालायची, पाण्यातूनही निमूट जायची, आणि पलीकडच्या चढाला लागली की खोकायला लागायची. ती खोकली की नाखवा तिला चुचकारायला लागायचा.

नाखवा हे काही त्याचं खरं नाव नव्हे, आणि होडी तर त्याने जन्मात चालवली नव्हती. तो दवाखान्याच्या गाडीचा ड्रायव्हर. पण त्याची गाडी रोज नदीच्या पाण्यातून जायची-यायची, म्हणून लोकांनी त्याला नाखवा केलं आणि तोही ते नाव छाती काढून मिरवू लागला. हत्तीण म्हणजे ती गाडी. लष्कराने वापरून वापरून सोडून दिलेली, उंच चाकांची, मूळच्या हिरव्या रंगावर पांढरा रंग फासलेली रुग्णवाहिका. पांढऱ्याचे पोपडे निघाले की खालचा हिरवा डोकावायचा, आणि नाखवा तिथे पुन्हा ब्रश फिरवायचा. नदीवर पूल नव्हता. दवाखाना अलीकडे, निम्मी वस्ती पलीकडे. पाणी जिथे उथळ होतं तिथून हत्तीण छातीपर्यंत पाण्यात उतरायची आणि पेशंट घेऊन अल्याड यायची. दुसऱ्या कुठल्याही गाडीने अर्ध्यावर मान टाकली असती.

आणि आता हत्तीणच मान टाकायच्या बेतात होती. मागच्या आठवड्यात पलीकडची एक बाळंतीण आणायला जाताना ती चढावर उचक्या देत होती, ती बाईला घेऊन परत येताना ऐन पाण्यात बंद पडली. बाई मागे ओरडतेय, नवी नर्स तिच्याहून जोरात ओरडतेय, आणि नाखवा स्टार्टर मारतोय. शेवटी इंजिन कसंबसं लागलं, बाळंतीण सुखरूप पोचली, मूलही ठणठणीत. पण डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या दिवशी नाखव्याला खोलीत बोलावून घेतलं.

"नाखवा, मी तुम्हाला दोष देत नाही," त्या म्हणाल्या. "पण बाई पाण्यात अडकली असती तर मी तिच्या घरच्यांना काय तोंड दाखवलं असतं? एकदा चालवून दाखवा. मी स्वतः मागे बसते. नदी पार, वर वस्तीपर्यंत, आणि परत. एकदा जरी खोकली, तरी गाडी भंगारात. मग होडीची सोय बघू."

"होडीत स्ट्रेचर कुठे मावतंय बाई?"

"ते माझ्यावर सोडा."

यात चिडण्यासारखं काही नव्हतं, म्हणून नाखवा जास्तच चिडला. बाईंचं बरोबर होतं. गाडी गेली म्हणजे नोकरी गेली, आणि नोकरी गेली म्हणजे घरात बसायचं. घरात बसायला त्याची ना नव्हती, पण घरात आता कोणी नव्हतं.

त्याची बायको याच दवाखान्यात नर्स होती. लग्नानंतर थोड्याच दिवसांनी ही गाडी आली, आणि तेव्हापासून दोघं एकाच गाडीत. सगळे तिला सिस्टर म्हणायचे, म्हणून गाडीत तोही तिला सिस्टरच म्हणायचा आणि घरी अगं म्हणायचा. कधीतरी चुकून घरी सिस्टर म्हणाला की ती म्हणायची, "ड्यूटी संपली, आता नवरा व्हा." ती मागे पेशंटजवळ न बसता पुढे, त्याच्या शेजारच्या सीटवर बसायची. मधल्या खिडकीतून पेशंटशी बोलायची, हात मागे घालून सलाइन धरायची. हिवाळ्यात एका सकाळी ती झोपेतून उठलीच नाही. नाखवा चहा घेऊन उठवायला गेला आणि तो चहा तसाच परत आणला. इतकी साधी गोष्ट, आणि माणूस संपलं.

हत्तीण खोकायला लागली ती त्यानंतरच. दवाखान्यात कुणीतरी म्हणालं, "गाडीलाही सिस्टरची आठवण येतेय." नाखव्याच्या अंगाचा तिळपापड झाला. "लोखंडाला आठवण येत नसते," तो म्हणाला. "प्लग खराब झालेत."

प्लग खरोखरच खराब होत होते. दवाखान्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नाखवा आणि फिटर त्यांच्यावर डोकं फोडत होते. फिटर हा त्याचा जुना दोस्त, पंपापासून ट्रॅक्टरपर्यंत काहीही उघडणारा, आणि उघडलेलं बहुतेक वेळा परत लावणारा. त्याने प्लग काढले की ते काळेकुट्ट, तेलकट. पुसून लावले की शेडमध्ये इंजिन घुंगरासारखं चालायचं. गाडी नदीपार जाऊन आली की परत तेच काळं.

"पेट्रोल जास्त जातंय," फिटर आधी म्हणाला. कार्बोरेटर उघडला, धुतला, लावला. फरक पडला नाही. मग त्याने करंटच्या वायरी बदलल्या. मग टायमिंग बघितलं. एके दिवशी इंजिन चालू असताना त्याने तेलाची पट्टी उपसली, तर त्या भोकातून गरम वाफ आणि तेल त्याच्या तोंडावर उडालं. फिटरने शिव्या घालत तोंड पुसलं आणि गंभीर झाला.

"नाखवा, हिच्या पोटात वारा धरतोय. आतली हवा बाहेर पडत नाही, म्हणून तेल वर चढतंय."

"वाट तुंबली असेल."

"हवेची नळी मी काढून फुंकली. साफ आहे." फिटरने डॅशबोर्डखालच्या लोखंडी दांडीकडे बोट केलं. "ही काय भानगड आहे?"

दोन्ही सीटच्या बरोबर मधोमध, टोकाला कडी असलेली ती दांडी होती. तिच्यावर पूर्वी काहीतरी लिहिलेली पितळी पट्टी होती, पण नाखव्याने हौसेने रंग मारताना तीही रंगवून टाकली होती.

"ती पाण्याची दांडी," नाखवा अभिमानाने म्हणाला. "पाण्यात शिरायच्या आधी ओढायची. मग हवेची वाट बंद होते, इंजिनात पाणी शिरत नाही. लष्कराची अक्कल आहे ती, आपल्या बाजारात मिळणार नाही."

"आणि मग? परत उघडायला?"

"स्प्रिंग आहे तिला. पाण्यातून बाहेर आलो की आपोआप जाते आत."

"नक्की?"

"अरे, मी रोज वापरतो की तू?"

यावर फिटरने दांडीचा नाद सोडला. कुणीही सोडला असता. खरं म्हणजे हल्ली ती दांडीही ढिली पडल्यासारखी झाली होती, ओढली तरी हाताला काही लागायचं नाही. पण हाताला सवय होती, हात ओढून मोकळा व्हायचा, आणि एवढ्या मोठ्या दुखण्यात दांडीच्या ढिलेपणाची कोण तक्रार करणार? फिटरने शेवटी हात टेकले. "पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. इंजिन खोलावं लागेल, आणि हिचे पार्ट आता कुठे मिळायचे? मी उद्या नवे प्लग घालून देतो. तुझी एक फेरी निघाली तर नशीब समज."

लेक आली ती त्याच संध्याकाळी. शहरात एका विमा कचेरीत काम करायची. तिने येतानाच एक रिकामी मोठी बॅग आणली होती, आणि ती बॅग बघून नाखव्याने मुद्दाम तिच्याविषयी काहीच विचारलं नाही. रात्रीच्या जेवणाला तिने विषय काढलाच.

"बाबा, माझ्याकडे खोली रिकामी आहे. खिडकीतून बाग दिसते."

"मला बाग घेऊन काय करायचंय?"

"इथे तरी काय करताय? एकटेच जेवता. तेही उभ्याने, ओट्यापाशी. शेजारच्या काकूंनी सांगितलं मला."

"त्या काकूंना नाही दुसरे उद्योग."

"गाडी उद्या चालली नाही तर याल?"

नाखव्याने पाण्याचा पेला खाली ठेवला. "चालली नाही तर येईन," तो म्हणाला. "पण ती चालेल."

लेकीने पुढे वाद घातला नाही. तिला मनातून गाडी बंदच पडायला हवी होती, आणि ते तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. खोटं बोलायची तिला आईसारखीच सवय नव्हती. बाप इथे एकटा झुरतोय आणि एका जुनाट गाडीपायी अडून बसलाय, एवढंच तिला कळत होतं. तेही काही चूक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फिटरने नवे प्लग घातले, बोनेट आपटून बंद केलं आणि तोंड फिरवून उभा राहिला. डॉक्टरीणबाई मागे स्ट्रेचरशेजारच्या बाकावर बसल्या. लेक म्हणाली, "मीही येते." ती पुढे बसली, आईच्या सीटवर. हिवाळ्यापासून त्या सीटवर कुणी बसलं नव्हतं. नवी नर्स मागेच बसायची, आणि नाखवा तिथे आपला डबा ठेवायचा. आज त्याने डबा उचलून पायाशी ठेवला.

नदी आली. काठावर त्याने गिअर बदलला, सवयीने हात पुढे करून दांडी ओढली आणि हत्तीण पाण्यात घातली. पाणी चाकांवर चढलं, दाराच्या खालच्या कडेला लागलं. इंजिन जड आवाजात चालत राहिलं. या पाण्यात, याच जागी तो इतकी वर्षं एक विनोद सांगत आला होता. पेशंट नवा असेल तर हमखास सांगायचा: "आमच्या सिस्टरला रक्ताची भीती नाही, सुईची नाही, पण पाण्याची भारी भीती! बघा हं, काठ आला रे आला की डॅशबोर्डला चिकटते." आणि काठ येताच सिस्टरचा हात खरंच डॅशबोर्डकडे जायचा. पेशंट कण्हता कण्हता हसायचे. सिस्टरही हसायची.

पलीकडचा काठ आला. पुढची चाकं वाळूवर चढली, आणि लेकीचा हात डॅशबोर्डकडे गेला.

"हात नको लावूस तिथे," नाखवा म्हणाला. हेही जुनंच वाक्य, आपोआप तोंडातून निघालं.

चढ सुरू झाला. चढावर एक वाकलेला विजेचा खांब होता, हत्तीण त्याच्यापाशी पहिली उचकी द्यायची. नाखव्याने कान इंजिनाकडे लावला. खांब आला. खांब गेला. इंजिनाचा सूर हलला नाही. पुढचं वळण आलं, मग दगडी भिंत, मग वस्तीतलं पहिलं घर, आणि हत्तीण चढून वर आली तशी तिने मोकळा श्वास घेतल्यासारखा आवाज केला. सिस्टर होती तेव्हा चालायची तशी ती चालली होती. नाखव्याचा विश्वास बसेना. वस्तीच्या चौकात त्याने गाडी वळवून उभी केली आणि नुसता ऐकत राहिला.

मधल्या खिडकीतून डॉक्टरीणबाईंनी डोकं आत घातलं. त्याही खूश झाल्या होत्या. "मानलं तुम्हाला! आणि काय हो, लेकही आईवरच गेली म्हणायची. काठ आला की डॅशबोर्ड पकडला तिने."

नाखवा हसला. लेक हसली नाही.

"पकडला नव्हता," ती म्हणाली. "दांडी आत ढकलली."

"कशाला? ती आपोआप जाते. स्प्रिंग आहे तिला."

लेक त्याच्याकडे वळली. "बाबा, तुम्हाला अजूनही माहीत नाही?"

"काय माहीत नाही?"

"स्प्रिंग नाहीये. आई ढकलायची. मी लहानपणी तुमच्या दोघांच्या मध्ये बसायचे ना, तेव्हा ते काम माझं होतं. पार झालो की दांडी आत. आई म्हणायची, बाबांना सांगू नकोस, त्यांना वाटतं आपोआप जाते. वाटू दे."

डॉक्टरीणबाईंनी हळूच डोकं मागे घेतलं.

"मला का नाही सांगितलं तिने?" नाखव्याचा आवाज चढला. "मी काय परका होतो? मी तिला खाल्लं असतं का?"

"सांगितलं होतं. गाडी पोचवायला लष्करातला ड्रायव्हर आला होता, त्याने तुम्हा दोघांना समजावलं म्हणे. तुम्ही चाकं बघत फिरत होता, आईने ऐकलं. मग पहिल्याच फेरीत तिने तुम्हाला आठवण करून दिली. तर तुम्ही चार माणसांत म्हणालात, 'गाडी मी चालवतो की तू?'" लेक थांबली. "ती हसत सांगायची हे, बाबा. रागाने नाही. तुमच्याशी वाद घालण्यापेक्षा दांडी ढकलणं सोपं आहे, म्हणायची. पुढे कधीतरी पुन्हा सांगितलंही असतं. पण अशी अचानक गेली ती."

नाखव्याला ते वाक्य आठवत नव्हतं. पण ते आपलंच आहे याबद्दल त्याला शंका नव्हती. कालच ते त्याने फिटरला ऐकवलं होतं, थोड्या वेगळ्या शब्दांत.

परतीची वाट लागली. काठावर त्याने दांडीला हात घातला. आज ती ढिली नव्हती. घट्ट होती, ओढताना हाताला जोर लागला, आणि तेव्हाच त्याला कळलं की हिवाळ्यापासून आपण बाहेरच असलेली दांडी ओढत होतो.

"आता हात लावू नकोस," तो लेकीला म्हणाला. या वेळी वेगळ्या आवाजात.

हत्तीण पाण्यातून गेली, अलीकडच्या वाळूवर चढली. नाखव्याने गाडी थांबवली आणि दांडीकडे बघत बसला. दांडी बाहेर होती. तो वाट बघत राहिला. इंजिनाचा सूर हळूहळू जड व्हायला लागला, आणि दांडी जिथल्या तिथेच राहिली. लेकीने बापाच्या तोंडाकडे पाहिलं आणि न विचारता ती आत ढकलली. नाखवा स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला. बायको गेली तेव्हा तो लोकांदेखत रडला नव्हता. आता मागे साहेबीण बसलीय, शेजारी लेक बसलीय, याचं त्याला भान राहिलं नाही. एवढी वर्षं तो जिला भित्री म्हणून चारचौघांत हसत होता, तीच या गाडीला आणि त्याच्या दिमाखाला पार नेत होती, आणि वर त्याच्या विनोदाला हसतही होती.

शेडमध्ये फिटर वाट बघत होता. "खोकली?"

"नाही."

"मग तोंड का पडलंय? रिंगा नव्हत्या तर काय होतं?"

"दांडी. ती बाहेरच राहत होती. स्प्रिंग नव्हती तिला."

फिटरने कपाळाला हात लावला. "मी विचारलं होतं तुला! आणि स्प्रिंग नव्हती तर इतकी वर्षं ती आत कशी जायची?"

नाखव्याने पायाशी ठेवलेला डबा उचलला, त्याचं झाकण उगाच घट्ट केलं. "सिस्टर होती," तो म्हणाला. फिटरने एक चिंधी पेट्रोलमध्ये बुडवली आणि दांडीवरच्या पितळी पट्टीचा रंग घासायला सुरुवात केली. अक्षरं निघाली, झिजलेली, पण वाचता येण्याजोगी. पाण्याआधी ओढा. पाण्यानंतर ढकला.

दोन दिवसांनी लेक परत गेली. रिकामी बॅग रिकामीच. बसच्या पायरीवर उभी राहून ती म्हणाली, "मला तुम्हाला घेऊन जायचं होतं, आणि माझ्याच हाताने मी तुम्हाला इथे ठेवलं."

"तुझा हात कुठला," नाखवा म्हणाला. "तो आईचाच." मग, तिला बरं वाटावं म्हणून आणि थोडंसं खरंही, "बागेची खोली राहू दे. मी येईन बघायला. आणि जेवीनही बसून."

पुढच्या फेरीला पल्याडच्या एका म्हातारीला डोळ्यांच्या ऑपरेशननंतर घरी पोचवायचं होतं. डोळ्यांवर पट्टी होती आणि उलटीची भीती होती, म्हणून नर्सने तिला पुढे बसवलं. म्हातारीने सीट चाचपली.

"इथे सिस्टर बसायच्या ना?"

"हो मावशी."

नाखव्याने दांडी ओढली. हत्तीण पाण्यात उतरली. पाण्याचा आवाज ऐकून म्हातारीला जुनं काहीतरी आठवलं आणि ती खुदखुदली. "काय घाबरायच्या हो पाण्याला! तुम्ही सांगायचात ना, काठ आला की डॅशबोर्डला चिकटते म्हणून. आम्ही घरी जाऊन सगळ्यांना सांगायचो."

पलीकडची वाळू चाकांखाली आली. नाखव्याने गाडी थांबवली आणि वाकून दांडी आत ढकलली. खट्ट असा आवाज झाला. इतक्या वर्षांत तो आवाज त्याने एकदाही लक्ष देऊन ऐकला नव्हता.

"ती घाबरत नव्हती मावशी," तो म्हणाला. "ती गाडी चालवत होती."

"काय म्हणालात?" इंजिनाच्या आवाजात म्हातारीला नीट ऐकू गेलं नव्हतं.

नाखव्याने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि तेच पुन्हा एकदा, मोठ्याने सांगितलं.